घरच्या संगणकावर लिनक्स : एका नवशिक्याचे अनुभव

(मंडळाच्या मासिक व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून नाट्यसंगीतापासून ज्ञानेश्वरीपर्यंत अनेक विषयांवर जाणकार बोलून गेले आहेत. मी त्या रांगेतला नाही. माझा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, नोकरी राज्य सरकारची, आणि संगणकाशी संबंध कचेरीत फायली करण्यापुरता. गेल्या वर्षभरात घरातल्या आणि नात्यातल्या तीन जुन्या संगणकांवर मी लिनक्स बसवले. ते कसे जमले, कुठे अडले आणि कोणी या वाटेला जाऊ नये, एवढेच आज सांगणार आहे. सोय म्हणून मी 'संगणक' आणि 'कॉम्प्युटर' दोन्ही शब्द वापरीन, दोन्ही आपल्याला सवयीचे आहेत.

हा विषय आत्ताच का? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. पण सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला येत, त्या थांबल्या. नोंदणी करणाऱ्यांना घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची मुदत देऊ केली होती, पुढे काय हा प्रश्न राहतोच. विंडोज ११ वर जावे म्हटले, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधी घेतलेल्या बहुतेक मशीनना तो दरवाजा अधिकृतपणे बंद आहे. म्हणजे स्क्रीन चांगला, कीबोर्ड चांगला, पंखा फिरतो आहे, आणि दुकानदार म्हणतो, "साहेब, आ तो हवे भंगार छे." आपल्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकले असेल. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्याला ते वाक्य काही हजारांना पडते.

आता लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने १९९१ साली संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. त्याआधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि वाटावे, अशी त्यामागची भूमिका. हे दोन्ही एकत्र आले आणि जगभरच्या लोकांनी भर घातली. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. तेव्हा 'हे फुकटचे, म्हणजे कच्चे असणार' ही शंका सोडून द्या.

नवशिक्या पहिल्यांदा गोंधळतो तो नावांच्या गर्दीत. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आपल्या सी-डॅकचे बॉस. यातले खरे लिनक्स कोणते? मी माझ्या पुतण्याला सांगितले तेच सांगतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, सगळीकडे गणपती एकच, प्रत्येक मंडळाची आरास निराळी. गाभा एक, वर मांडणी वेगळी. मी मिंट निवडले, कारण खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, ही मांडणी घरच्यांच्या हाताला बसलेली होती. मिंटमध्येही आरास तीन प्रकारची मिळते. सिनॅमन देखणी, एक्सएफसीई हलकी आणि माटे मधली. ४ जीबी रॅम असेल तर हलकी घ्यावी, ८ असेल तर हवी ती. २ जीबीवर ते सुरू होते, पण आजच्या वेबसाइट इतक्या जड झाल्या आहेत की ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या की मशीन धापा टाकते.

पहिला संगणक : वडिलांचा

हा डेस्कटॉप २०१२ सालचा. त्यात वडिलांनी निवृत्तीनंतर टाइप केलेली सुमारे एकशे चाळीस पाने होती. आमचे घराणे कोकणातून बडोद्यात कसे आले, पणजोबांची नोकरी, वाड्यातली बिऱ्हाडे, कोण कोणाकडे दत्तक गेले, असा मजकूर. छापलेली प्रत नव्हती. वडील आता नाहीत. त्यामुळे 'भंगार छे' हे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

कोणताही संगणक हाती घ्यायचा तर पहिले काम एकच, आतले सगळे बाहेर काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचे. मी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक पेन ड्राइव्हवर घेतली, आणि दोन्ही प्रती दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्या. कॉपी झाली असे संगणकाने सांगणे वेगळे आणि फाइल उघडणे वेगळे. उघडल्यावर जे दिसले ते ध्यानात ठेवा, कारण तुमच्याही घरात हे होणार आहे. मराठीचे अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी.

फाइल मुळीच बिघडलेली नव्हती. वडिलांनी ती 'शिवाजी' फॉन्टमध्ये टाइप केली होती. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळात शिवाजी, किरण, कृतिदेव, श्री-लिपी असे अनेक फॉन्ट वापरात होते. त्यांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवायचा. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच, फक्त डोळ्यांना मराठी दिसते. फॉन्ट काढून घेतला की मराठी गेली. म्हणून जुन्या मशीनमधून कागदपत्रे काढताना विंडोजच्या फॉन्ट्स या फोल्डरमधल्या त्या फॉन्टची फाइलही कॉपी करून घ्या. कुलुपाबरोबर किल्ली घ्यायची, इतके साधे आहे. लिनक्सवर त्या फॉन्टच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली की तो बसवण्याचे बटण येते. मग लिब्रेऑफिसमध्ये वडिलांची पाने उघडली, आणि जशीच्या तशी दिसली.

पुढचे काम ती पाने युनिकोडमध्ये आणण्याचे. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची कोष्टके वेगळी, म्हणून आपल्या फॉन्टचाच परिवर्तक हवा. नंतर एकदा डोळ्यांखालून घालणे अटळ आहे. चुका कुठे होतात तेही ठरलेले आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार तिथे अक्षरानंतर, इथे आधी. ही अदलाबदल करताना परिवर्तक घसरतो. मी आणि माझी आई रोज रात्री पाच-सहा पाने वाचत होतो. आई वाचे, मी दुरुस्त करी. महिना लागला. आता ती पाने फोनवर दिसतात, नाशिकच्या आत्याला पाठवता येतात, आणि त्यात एखादे नाव शोधायचे तर क्षणात सापडते. दुकानदाराच्या हिशेबात या मशीनची किंमत शून्य होती.

आता प्रत्यक्ष बसवण्याची कृती. दुसऱ्या चालू संगणकावरून मिंटच्या अधिकृत साइटवरची फाइल उतरवून घ्यायची. ती जवळपास ३ जीबीची असते. साइटवर तिची एक लांबलचक तपासणी-संख्या दिलेली असते, ती जुळते का पाहायचे. मग ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह घेऊन रूफस किंवा एचर यांपैकी एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल त्यावर 'लिहायची'. नुसती कॉपी करून चालत नाही. पेन ड्राइव्हवर आधीचे जे असेल ते या कामात पुसले जाते, तेव्हा मुंजीचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह घेऊ नका. मग तो जुन्या मशीनला लावून सुरू करतानाच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी जे बटण त्या मशीनला चालत असेल ते दाबायचे आणि पेन ड्राइव्ह निवडायचा.

इथे लिनक्सची सर्वांत चांगली सोय कळते. पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण संगणक चालू होतो, आतल्या डिस्कला हात न लावता. घर भाड्याने घेण्यापूर्वी नळाला पाणी येते का, दिवे लागतात का, हे आपण पाहतो ना, तसे पाहून घ्या. आवाज येतो का, वाय-फाय सापडते का, कॅमेरा, टचपॅड, प्रिंटर. यादी कागदावर लिहून एकेक खूण करा. पसंत पडले नाही तर पेन ड्राइव्ह काढा, जुना संगणक होता तसा परत. पसंत पडले तरच 'इन्स्टॉल'वर टिचकी. वडिलांच्या मशीनवर विंडोज ठेवायचेच नव्हते, म्हणून 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय निवडला. अर्ध्या तासात काम झाले. नंतर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली, आणि सुरू व्हायला जिथे तीन-चार मिनिटे लागत, तिथे आता देवघरात निरांजन लावून येईपर्यंत स्क्रीन तयार असतो. जुन्या मशीनवर पैसे खर्च करायचेच असतील तर आधी एसएसडीवर करा.

दुसरा संगणक : बायकोचा लॅपटॉप

इथे अट होती की विंडोज राहिलेच पाहिजे, कारण तिच्या शिकवणीचे एक सॉफ्टवेअर त्यावरच चालते. एकाच मशीनवर दोन्ही ठेवता येतात, सुरू करताना कोणते हवे ते विचारले जाते. पण दोन जावा एका स्वयंपाकघरात नांदवायच्या तर काही नियम आधीच ठरवावे लागतात.

पहिला नियम बिटलॉकरचा. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपल्या नकळत सांकेतिक कुलपात असते. जागा कमी-जास्त करण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की काढून वहीत लिहून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवील. दुसरा, विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असेल तर विंडोज बंद केल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात अर्धवट झोपलेले असते, आणि लिनक्समधून त्या भागातल्या फायली फक्त वाचता येतात. तिसरा, काही लॅपटॉपमध्ये डिस्क आरएसटी नावाच्या पद्धतीत असते, मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. असे झाले तर डिस्क खराब आहे असे समजून घाबरू नका. जाणकाराला विचारून बायोसमधली पद्धत बदला, स्वतः अंदाजाने नको.

चौथी गोष्ट गमतीची. लिनक्स वापरून पुन्हा विंडोज सुरू केले की सकाळी साडेदहाला घड्याळ पहाटेचे पाच दाखवू लागले. बॅटरी संपली नव्हती. संगणकाच्या बोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज स्थानिक वेळ समजते. आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. लिनक्सला एका ओळीच्या आदेशाने 'तूही स्थानिक वेळच ठेव' असे सांगता येते, की भांडण मिटते.

या लॅपटॉपचे वाय-फाय पहिल्या दिवशी चालले नाही. त्याच्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो, ड्रायव्हर आणायला इंटरनेट लागते, आणि इंटरनेटला वाय-फाय. यातून सुटका फोन करतो. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट येते. मग मिंटमधला 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला की तो आपणहून योग्य ड्रायव्हर सुचवतो.

तिसरा संगणक : मामांचा

मामा पंच्याहत्तरीचे. त्यांच्या गरजा चार : बँकेची साइट, व्हॉट्सअॅप, अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओवर बोलणे आणि प्रिंट. पहिल्या तिन्ही ब्राउझरमध्येच होतात, त्यांना खाली काय आहे ते कळतही नाही. प्रिंटरने मात्र दोन रविवार घेतले. हल्लीचे नेटवर्कवर चालणारे बरेचसे प्रिंटर लिनक्सला आपोआप सापडतात. पण मामांचा लहान लेझर प्रिंटर जुना, त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी दिलेला ड्रायव्हर जुनाट आणि किचकट. शेवटी चालला, पण मी तुम्हाला सांगेन की प्रिंटर आधी पेन ड्राइव्हवरच्या चाचणीत तपासा.

मामांचा खरा प्रश्न वेगळा होता. "अरे, मला मराठीत लिहायचंय. तुमच्या त्या इंग्रजी अक्षरांतून नको." म्हणून मराठी टायपिंगबद्दल थोडे सविस्तर.

लिनक्समध्ये मराठीसाठी कळफलक निवडता येतो. रोमन अक्षरांतून लिहायचे असेल तर ध्वन्यानुसारी पद्धती आहेत. पण मी आग्रह धरतो तो इनस्क्रिप्टचा. हा भारत सरकारने ठरवलेला प्रमाण कळफलक. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. बडोदेकरांना त्याचा एक खास फायदा आहे. भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच असल्याने गुजराती 'ક' ज्या बटणावर, मराठी 'क' त्याच बटणावर. आमच्यासारखे जे कचेरीत गुजराती इनस्क्रिप्ट शिकले, त्यांच्या बोटांना मराठी आधीच येते, फक्त भाषा बदलायची. 'ळ'ची जागा तीच. आणि 'ऱ'ला स्वतंत्र बटण आहे, त्यामुळे 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक राहतो. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. मामांनी अक्षरांच्या चिकट्या कीबोर्डवर लावल्या आणि तीन आठवड्यांत भाचीला चार ओळींचे पत्र लिहिले.

संगणकाची भाषाच मराठी ठेवता येते. मेनूत 'जतन करा' असे मराठी शब्द येतात. सगळे भाषांतर पूर्ण नाही, मध्ये मध्ये इंग्रजी डोकावते. जे आहे ते बहुतांशी स्वयंसेवकांनी केलेले आहे आणि उरलेले कोणीही करू शकतो, तुम्हीसुद्धा. बडोद्याला हे काम परके नाही. महाराजांच्या काळात, १९३१ साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश याच शहरात निघाला. कारभार लोकांच्या भाषेत चालावा तर आधी शब्द हवेत, हे इथे तेव्हाच ओळखले होते. आज आपली मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, मराठी घरात बोलतात आणि क्वचित वाचतात. दिवसातून दहा वेळा 'जतन करा' नजरेखालून गेले तर नुकसान काही नाही.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम छापील मराठी पानाच्या स्कॅनवरून मजकूर ओळखतो. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांची काही पाने मी त्यातून काढून पाहिली. छपाई स्पष्ट असेल तर काम बरेच सोपे होते, जोडाक्षरे तेवढी तपासावी लागतात. आपल्या कपाटातल्या स्मरणिका पिवळ्या पडत चालल्या आहेत. कार्यकारिणीने मनावर घ्यावे.

आता लिनक्स कोणी घेऊ नये, तेही सांगतो. टॅलीवर हिशेब लिहिणारे, डिजिटल सहीच्या टोकनवर रोज काम असणारे, फोटोशॉप किंवा ऑटोकॅडवर पोट असणारे, यांनी विंडोजच ठेवावे. वर्डची गुंतागुंतीची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडते, पण तक्ते कधी सरकतात, म्हणून पुढे पाठवताना पीडीएफ करून पाठवावे. हयातीच्या दाखल्याची मात्र चिंता नको, तो आता फोनवर चेहरा दाखवूनही होतो.

भाषण संपल्यावर जे प्रश्न आले, त्यांतले तीन इथे देतो.

*व्हायरस येत नाही म्हणतात, खरे का?* घरगुती लिनक्सवर हल्ले कमी होतात, 'येतच नाहीत' असे नाही. अपडेट मॅनेजर सांगेल तेव्हा अपडेट करा आणि सॉफ्टवेअर त्याच्याच भांडारातून घ्या. आणि कोणी फोनवर पोलीस बनून धमकावले आणि तुम्ही ओटीपी सांगितला, तर कोणतीही प्रणाली वाचवणार नाही.

*काही बिघडले तर कोणाला बोलवायचे?* दुकानात माणूस मिळणे कठीण, हा खरा तोटा आहे. म्हणून सगळे नीट चालत असताना मिंटमधल्या टाइमशिफ्टने प्रणालीची एक प्रत काढून ठेवा, बिघडले तर त्या दिवसावर परत जाता येते. तुमच्या फायलींची प्रत मात्र वेगळीच ठेवायची, टाइमशिफ्ट ते काम करत नाही.

*खर्च किती?* प्रणालीचा शून्य. पेन ड्राइव्ह, हवी तर एसएसडी, आणि आपला वेळ. वेळेचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे धरा, पहिल्या संगणकाला दोन-तीन रविवार जातात.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर किंवा कोपऱ्यात जुना संगणक पडला असेल त्यांना एक विनंती. तो भंगारात देण्यापूर्वी मंडळात कळवा. गणेशोत्सव झाल्यावर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी आणि माझा पुतण्या सभागृहात बसू. येताना चार्जर, ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणि आपल्या फायलींची प्रत घेतलेली बाहेरची डिस्क आणावी. प्रत नसेल तर त्या दिवशी आधी प्रतच काढू, बसवण्याचे पुढच्या रविवारी. आणि त्यात कोणाच्या वडिलांनी, आजोबांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले काही असेल, तर ते आधी सांगा. ते काम पहिले.

गणपती बाप्पा मोरया!